ओझे एकाकडे, नजर दुसऱ्याकडे : फोर्कलिफ्ट आणि मालधक्का यांच्या सुरक्षिततेचे विवेचन

परळच्या भोईवाड्याच्या नावातच भोई आहे. मासेमारी आणि पालखी-मेणे वाहणे हे या समाजाचे दोन पिढीजात व्यवसाय. दुसऱ्या व्यवसायात एक अडचण मुळातच होती. पुढच्या दांडीखालच्या भोयाला वाट दिसे, मागच्याला फक्त पालखी दिसे. म्हणून पुढचा चालता चालता हाळी देई : खड्डा आला, चढ लागला, पाणी आहे. मागच्याची पावले त्या हाळीवर पडत. ओझ्यानेच वाहणाऱ्याची नजर झाकली, तर ती दुसऱ्याकडून उसनी घ्यावी लागते, हे त्या व्यवसायाला पुरते ठाऊक होते.

गोदामात डोक्याइतक्या उंचीची थप्पी फोर्कवर घेऊन निघालेला फोर्कलिफ्ट-चालक हा मागचा भोईच असतो. ट्रक धक्क्याला लावण्यासाठी मागे घेणारा ड्रायव्हरही तोच. फरक इतकाच की आज पुढे हाळी देणारा बहुधा नसतो, आणि असला तरी त्याच्या हाळीवर यंत्र थांबलेच पाहिजे असा दंडक नसतो. या विवेचनाचा मुद्दा एकच आहे. फोर्कलिफ्टचे अपघात चालकाच्या बेफिकिरीच्या खात्यावर टाकले जातात, पण त्यांतले पुष्कळ अपघात, ज्याच्या हाती यंत्र आहे त्याला दिसत नाही आणि ज्याला दिसते त्याला यंत्र थांबवता येत नाही, या फारकतीतून होतात.

भोईवाड्यातून पूर्वेला निघाले की शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, दारूखाना असा गोदामांचा जुना पट्टा लागतो. कॉटन ग्रीनचे तर नावच कापसाचे. कापसाची एक गाठ १७० किलोची. ती एकट्या माणसाच्या डोक्यावर जात नाही. गिरण्या बंद पडल्या, मशीद बंदरातला धान्य-किराण्याचा घाऊक बाजार वाशीला गेला, १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि मुंबईचा बराचसा साठा भिवंडी-पनवेलकडे सरकला. तिथल्या नव्या गोदामांना ट्रकच्या हौद्याच्या उंचीचे, साधारण सव्वा मीटरचे, धक्के आहेत आणि त्यांवर हायड्रॉलिक डॉक लेव्हलर, म्हणजे धक्का आणि हौदा सांधणारे उचलते पत्रे, आहेत. शहरात उरलेल्या जुन्या गोदामांत गल्लीतच ट्रक उभा राहतो, फाळका पडतो आणि मध्ये लाकडी फळी टाकली जाते. सोय वेगळी असली तरी दोन्ही ठिकाणी धोक्याची जागा तीच : जिथे गाडीची हद्द संपते आणि गोदामाची सुरू होते, ती वीतभर फट. रेल्वेने आपल्याला ‘मालधक्का’ हा चांगला शब्द दिला आहे. ट्रकसाठीही मी तोच वापरतो.

यंत्र म्हणजे तराजू

फोर्कलिफ्ट ही चाकांवर ठेवलेली तराजू आहे. पुढचा आस हा तिचा टेकू. टेकूच्या पुढे माल, मागे यंत्राचे स्वतःचे वजन आणि शेपटाकडे मुद्दाम बसवलेला ओतीव लोखंडाचा प्रतिभार. मालाचे पारडे जड झाले की मागची चाके उचलली जातात. वळण्याचे काम मागच्या चाकांकडे असल्याने ती उचलली गेली की यंत्र वळायचेही थांबते.

यंत्राच्या पाटीवर ‘२,००० किलो’ असे लिहिलेले असते आणि शेजारी ‘भारमध्य ५०० मिलिमीटर’ अशी अट असते. पहिला आकडा सगळे वाचतात, दुसरा फार थोडे. ही अट सांगते की मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या उभ्या पाठीपासून अर्ध्या मीटरवर असेल, तरच दोन टन उचला. पुढच्या आसापासून त्या पाठीपर्यंतचे अंतर उदाहरणापुरते ४०० मिलिमीटर धरू. मग ओझ्याची भुजा ९०० मिलिमीटर आणि यंत्र सोसू शकेल तो आघूर्ण २,००० गुणिले ९००, म्हणजे १८ लाख. आता १,४०० मिलिमीटर लांबीची पेटी घ्या. तिचा मध्य ७०० वर, भुजा १,१००. अठरा लाखांना अकराशेने भागले की १,६३६ येतात. पेटीचा मध्य फक्त वीस सेंटिमीटर पुढे गेला आणि साडेतीनशे किलोंहून अधिक क्षमता गेली. फोर्क पेटीखाली पूर्ण न घालता ती टोकावर उचलली की हेच घडते. माल उंच नेला, मास्ट (फोर्क वर नेणारा उभा खांब) पुढे झुकवला किंवा फोर्कला एखादे जोडसाधन लावले तरी क्षमता उतरते. जोडसाधनासाठी तर नव्या क्षमतेची वेगळी पाटी लावावी लागते.

मागची चाके उचलली जाऊ लागली की दोन माणसांना शेपटावर उभे करून वजन वाढवण्याची युक्ती अजून ऐकू येते. तिच्याबद्दल सौम्य बोलणे मला जमत नाही. दीडशे किलोचा प्रतिभार वाढतो खरा, पण यंत्र डुगडुगले की आधी पडतात ती ही दोन माणसे, आणि त्यांचे वजन निघून गेल्याच्या क्षणी माल पुढे कोसळतो.

बाजूला उलटणे याहून फसवे आहे. चार चाके दिसली तरी बहुतेक फोर्कलिफ्ट तीन टेकूंवर उभी असते : पुढची दोन चाके आणि मागच्या आसाच्या मध्यावरची खीळ, जिच्याभोवती तो आस डोलतो. या तीन बिंदूंच्या त्रिकोणात गुरुत्वमध्य आहे तोवर यंत्र उभे. त्रिकोण पुढे रुंद आणि मागे निमुळता असतो. भरलेल्या यंत्राचा गुरुत्वमध्य पुढे, रुंद भागात येतो. रिकाम्या यंत्राचा मागे, चिंचोळ्या भागात जातो. म्हणूनच रिकामी फोर्कलिफ्ट वेगात वळवली तर अनुभवी माणसाच्या हातूनही उलटते. माल उतरवून परत निघालेल्या चालकाचा पाय नेमका याच वेळी जड होतो.

तीन मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी १० किलोमीटर वेगाला आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पाव पट असतो. वेग १५ केला तर तो सहा दशांशाच्या जवळ पोचतो. वेग दीडपट झाला आणि जोर सव्वादोन पट, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे चालताना फोर्क जमिनीपासून वीतभरच वर आणि मास्ट किंचित मागे झुकलेला, हा नियम तंतोतंत पाळायचा आहे. उताराचा नियमही यातूनच निघतो. भरलेला माल नेहमी चढाच्या बाजूला : चढताना पुढे तोंड, उतरताना उलटे. रिकाम्या यंत्राचे फोर्क मात्र उताराच्या बाजूला. रॅम्पवर वळायचे नाही.

यंत्र उलटू लागले की माणसाचे शरीर उडी मारायला सांगते. ते ऐकायचे नाही. उडी मारणारा बहुधा त्याच बाजूला पडतो ज्या बाजूला यंत्र कलते, आणि डोक्यावरचे संरक्षक छत त्याच्यावर येते. पट्टा बांधलेला, सुकाणू घट्ट धरलेला, पाय आत रोवलेले आणि अंग कलण्याच्या विरुद्ध दिशेला, अशा माणसाची वाचण्याची शक्यता जास्त असते. पट्टा बांधणे भित्रेपणाचे मानणाऱ्या चालकाला हे शांतपणे समजावणारा माणूस प्रत्येक गोदामात हवा.

दुसरा हिशेब थांबण्याचा. दोन टनी यंत्र स्वतः साडेतीन टनांच्या आसपास असते, मालासकट साडेपाच. ताशी ८ किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाहून थोडाच जास्त वेग. मेंदूला समजून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागतो, तेवढ्यात सव्वादोन मीटर गेले. माल घसरू न देता ब्रेक लावायचा तर आणखी दीड-पावणेदोन मीटर. जवळपास चार मीटर. जुन्या गोदामात दोन थप्प्यांमधल्या कोपऱ्यावर चार मीटर पुढचे दिसत नाही, आणि यंत्राचे शेपूट वळताना बाहेर फेकले जाते ते वेगळेच. समोरचे झाकले असेल तर उलटे चालवावे, आणि रॅम्प चढायचा असल्याने उलटे चालवता येत नसेल तर पुढे माणूस द्यावा. पुन्हा भोई.

धक्क्यावरची फट

धक्क्यावर निदान चार धन्यांची माणसे एकत्र येतात. ट्रक वाहतूकदाराचा, जमीन गोदामवाल्याची, फोर्कलिफ्ट बहुधा भाड्याची आणि चालक कंत्राटदाराचा, तर गोण्या उचलणारी टोळी माथाडी मंडळाची. प्रत्येकाची घाई निराळी. ड्रायव्हरला फेरीवर पैसे, टोळीला उचललेल्या मालावर, गोदामवाल्याला पुढचा ट्रक वाट पाहत असल्याची चिंता. दक्षिण आणि मध्य मुंबईत दिवसा जड वाहनांवर वेळेचे निर्बंध असतात, त्यामुळे बरेच काम रात्री आणि घड्याळाकडे पाहत होते. घाई अशी मजुरीच्या हिशेबातच भरलेली असताना भिंतीवर ‘सावकाश’ लिहून ती जात नाही.

ट्रक धक्क्याला लागला की तो स्थिर झाला असे वाटते. तो हलत असतो. फोर्कलिफ्ट दर वेळी हौद्यात शिरून ब्रेक लावते आणि तो धक्का ट्रकला पुढे ढकलतो. एका फेरीला केसभर. चाळीस फेऱ्यांनंतर लेव्हलरची जीभ हौद्याच्या काठावरून सुटायला आलेली असते. शिवाय माल उतरत जातो तसतशा स्प्रिंगा उसळतात आणि हौदा काही सेंटिमीटर वर येतो. हँडब्रेक यावर पुरेसा नाही. चाकांच्या पुढे दोन्ही बाजूंना ठोकळे हवेत, साखळीने धक्क्याला बांधलेले, म्हणजे ते हरवणार नाहीत. रस्त्यावरचा हाती लागेल तो दगड हा पर्याय नव्हे. पावसात चिखलावरून तो टायरसकट सरकतो. कंटेनरचा ट्रेलर ओढगाडीपासून सोडवून उभा केला असेल, तर फोर्कलिफ्टचे सगळे वजन नाकाकडे गेल्यावर पुढचे दोन पाय दबून ट्रेलर कोसळू शकतो. त्याखाली आधाराचा खांब लावल्याशिवाय आत यंत्र घालू नये.

याहून भयानक म्हणजे ट्रक वेळेआधी निघणे. ड्रायव्हरला केबिनमधून मागचे काही दिसत नाही. दार आपटल्याचा आवाज आला, कोणी ‘झालं’ म्हणाले, त्याने गाडी काढली. आणि फोर्कलिफ्टची पुढची चाके हौद्यात, मागची लेव्हलरवर. यावर उपाय प्रत्येक मुंबईकराच्या ओळखीचा आहे. बेस्टच्या बसमध्ये ड्रायव्हरला मागचे दार दिसत नाही, कंडक्टरला दिसते. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोन घंट्या झाल्याशिवाय बस हलत नाही. उशीर कितीही झालेला असो. ज्याला दिसते त्याच्या हाती निघण्याची परवानगी दिली, आणि लाखो लोक त्या भरवशावर पायरीवर पाय ठेवत आले. मालधक्क्यावर या घंटीचे काम चावी करते. ट्रक लागला की चावी धक्क्यावरच्या ठरलेल्या माणसाकडे, ड्रायव्हर केबिनबाहेर ठरलेल्या जागी. आत कोणी नाही, लेव्हलर उचललेला आहे, ठोकळे काढले आहेत, हे स्वतः पाहून त्यानेच चावी परत द्यायची. नव्या गोदामांत लाल-हिरवे दिवे आणि ट्रकला पकडून ठेवणारे आकडे असतात. ते चांगलेच, पण चावीची शिस्त नसेल तर दिवा बिघडलेल्या रात्री काहीच उरत नाही.

ट्रक मागे येतानाची वेळ तितकीच घातक. क्लिनर पाठीमागे उभा राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत हौद्यावर थाप मारतो. तो प्रामाणिकपणे भोयाचेच काम करत असतो, पण चुकीच्या जागी उभा राहून. त्याच्या पाठीशी धक्क्याची भिंत, समोर दहा टनांची गाडी. धक्क्यावरचे रबरी गुटके भिंतीच्या पुढे साधारण चार बोटे येतात. माणसाच्या छातीला तेवढी जागा पुरत नाही. इशारा देणाऱ्याने ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात दिसेल असे उभे राहावे. आरशातून तो दिसेनासा झाला की गाडी तिथेच थांबावी; हाच सगळ्या इशाऱ्यांचा पाया. आणि ‘थांब’ हा इशारा कोणीही द्यावा, ‘ये’ हा एकानेच. धक्क्यावर चढायला बाजूला पायऱ्या असतील तर फटीतून उडी मारून चढण्याची गरजच राहत नाही. नकाशा काढणाऱ्याने पायऱ्यांचे पैसे वाचवले की त्याची किंमत कोणाच्या तरी बरगड्या देतात.

आपल्याकडची एक खास अडचण परदेशी पुस्तकांत फारशी सापडत नाही. तिथे माल पॅलेटवर बांधूनच येतो. आपल्याकडे पुष्कळदा सुट्या गोण्या येतात. टोळी हौद्यात उभी राहून पॅलेटवर थप्पी लावते आणि फोर्कलिफ्ट ते पॅलेट न्यायला आत शिरते. कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर; दोन टनी यंत्र सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद. दोन्ही बाजूंना अर्धा-पाऊण मीटर उरते आणि त्यात माणसे पाठ टेकून उभी असतात. इथे सावधपणा काही वाचवत नाही, पाळी वाचवते. टोळी थप्पी लावून बाहेर धक्क्यावर येईल, मुकादम ‘मोकळं’ म्हणेल, मग यंत्र आत जाईल. ते बाहेर पडून फोर्क खाली टेकले की टोळी आत. जिथे जमेल तिथे हौद्यात यंत्राऐवजी हायड्रॉलिक हातट्रॉली न्यावी. यात दर पॅलेटमागे थोडा वेळ जाईल. तो टोळीच्या मजुरीतून कापला जाऊ नये, अन्यथा हा नियम पहिल्या रात्रीच मोडेल.

तळाचाही विचार हवा. भरलेल्या फोर्कलिफ्टचे बहुतेक सगळे वजन पुढच्या दोन चाकांवर येते, म्हणजे पाच टनांच्या आसपास वजन दोन छोट्या टायरांवर. जुन्या गोदामातली गटारावरची फरशी, ट्रकच्या हौद्यातली झिजलेली फळी, माणसाच्या पायांसाठी धक्का आणि ट्रक यांमध्ये टाकलेला फळकुटांचा पूल, यांतले काहीही त्यासाठी केलेले नसते. माणसाची फळी यंत्राला चालत नाही.

बंद गोदामात डिझेल यंत्राचा धूर आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून निघणारा हायड्रोजन यांबद्दल थोडक्यात : चार्जिंगची जागा मोकळ्या हवेची, ठिणगीपासून दूर, कापूस-कागदाच्या गोदामात ठिणगी-रोधक नसलेले यंत्र नको. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर कापूस आणि स्फोटके एकत्र असण्याचा परिणाम या शहराने पाहिला आहे. त्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले.

धनी कोण

आपल्या कायद्याने ओझे आणि माणूस यांचा विचार लवकर केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा शिफारस केली. दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी बांधलेले, सातारा-सांगलीहून मुंबईच्या बाजारांत आलेल्या माणसांचे संघटन होते. भरणे, उतरवणे, थप्पी लावणे, वाहणे, तोलणे, मोजणे या कामांना त्या कायद्याने नाव दिले, मंडळे दिली, मजुरी आणि भविष्यनिधी दिला. देशात इतरत्र हमाल केवळ हमाल होता तेव्हा हे घडले, याचा अभिमान वाटावा.

पण यंत्र आले ते या रचनेच्या फटीत. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून बंदिस्त आवारातच वापरायची खास वाहने वगळली आहेत, म्हणून गोदामातली फोर्कलिफ्ट परिवहन खात्याला दिसत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात कारखाना ठरायला उत्पादनप्रक्रिया लागे. शीतगृहातला साठा त्यात येई, साधे गोदाम मात्र बहुधा बाहेर राही. गोदी कामगारांच्या सुरक्षिततेचा १९८६ चा कायदा बंदरापुरता होता. तोच कंटेनर बंदरात एका नियमाखाली हले आणि पुढे भिवंडीत उघडला जाई तेव्हा नियम पातळ झालेला असे. व्यावसायिक सुरक्षिततेच्या २०२० च्या संहितेत असे १३ कायदे एकत्र आणले गेले. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि दहा किंवा अधिक कामगारांची व्यापारी आस्थापनाही तिच्या कक्षेत येते. गोदाम तिच्या बाहेर आहे असे म्हणायची सोय आता कमी झाली. धक्क्यावर चार धन्यांची माणसे असताना ‘थांब’ म्हणायचा हक्क कोणाचा, हे मात्र प्रत्येक गोदामाला स्वतः लिहून ठरवावे लागेल.

शिक्षणाची सोय दूर नाही. कारखाना सल्ला सेवेची केंद्रीय श्रम संस्था भोईवाड्यापासून थोड्या अंतरावर, शीवला आहे. ४ मार्च १९६६ ला स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद नवी मुंबईत आहे. अमेरिकेत फोर्कलिफ्ट-चालकाची पारख दर तीन वर्षांनी पुन्हा करावी लागते. तसे इथे करायला कोणाची हरकत नसावी. पण प्रशिक्षण फक्त चालकाला देऊन भागणार नाही. मुकादमाला, टोळीला, क्लिनरला आणि चावी सांभाळणाऱ्याला त्याच दिवशी, त्याच धक्क्यावर, एकत्र शिकवावे लागेल, कारण हाळी देणारा आणि ऐकणारा वेगवेगळ्या खोल्यांत शिकले तर त्यांची भाषा जुळत नाही.

आणि ज्या गल्लीत धक्काच नाही, तिथे? रात्रीचा ट्रक आला, फाळका पडला. दोन्ही चाकांना ठोकळे. चावी मुकादमाच्या गळ्यातल्या दोरीला. ड्रायव्हर समोरच्या ओट्यावर, नजरेसमोर. फळी टाकली, तिच्यावर फक्त माणसे. फोर्कलिफ्ट खाली रस्त्यावर, तिच्याभोवती दोरी धरलेली, गल्लीतली पोरे दोरीपलीकडे. माल संपला. फळी उचलून भिंतीला टेकवली. मुकादमाने हौद्यात चढून डोकी मोजली, गाडीखाली बॅटरी मारून पाहिले, ठोकळे काढायला लावले. मग दोरीतून चावी काढली.